डिकीतलं सरपण आणि मेलेले ओक

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. लोकलमध्ये नेटवर्क जातं, हेडफोन घरी राहतो, म्हणून तुमच्यापैकी बरेच जण वाचूनच काढतात हे माहितीये. बोलण्यातले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

ओक म्हटलं की मराठी माणसाला आधी आडनाव आठवतं. मलाही तेच आठवायचं. शाळेत एक ओक सर होते, आणि ओक नावाचं झाड असतं हे इंग्रजीच्या धड्यातून कळलं होतं. पुढे नोकरीसाठी सॅन दिएगोला आलो आणि कळलं की इथले डोंगर या झाडानेच हिरवे आहेत. आणि गेली वीस-बावीस वर्षं हीच झाडं मरतायत.

मारणारा एक भुंगा आहे. लांबी जेमतेम एक सेंटीमीटर. पण आजचा भाग खरं तर त्याच्यापेक्षा आपल्याबद्दल आहे, कारण तो इथपर्यंत स्वतःहून आलेला नाही.

कॅम्पिंगची गोष्ट

आम्ही चौघं मराठी मित्र, चौघंही सॉफ्टवेअरवाले. लाँग वीकएंडला कॅम्पिंगला निघालो, लॉस एंजेलिसच्या पलीकडच्या डोंगरात. आमच्यातल्या एकाच्या शेजाऱ्याने अंगणातलं वाळलेलं ओकचं झाड पाडलं होतं. ओंडके फुकट. दुकानात छोट्याशा बंडलला सात-आठ डॉलर मोजायचे, त्यापेक्षा हे बरं म्हणून आम्ही अर्धी डिकी सरपणाने भरली. फुकट ते पौष्टिक!

कॅम्पग्राउंडवर तंबू ठोकून झाले. शेकोटी लावणार, तेवढ्यात तिथले काका फेरी मारत आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लाकूड कुठून आणलंत?" आम्हाला वाटलं, बाहेरच्या लाकडावर चार्ज लावतात की काय. मी जरा घाबरतच सांगितलं, सॅन दिएगोहून. काकांनी एक ओंडका उचलला, टॉर्च मारला आणि सालीवर बोट ठेवलं. तिथे एक बारीक भोक होतं, तीन-चार मिलीमीटरचं. पण गोल नव्हतं. इंग्रजी 'डी' अक्षर आडवं पाडावं तसं, एक बाजू सरळ आणि एक बाजू गोलाकार.

आमच्यातला एक देवगडचा. घरी आंब्याची बाग. तो वाकून बघून पटकन म्हणाला, "अरे, हे भिरूडासारखं आहे!"

कोकणातल्या लोकांना सांगायला नको. आंब्याच्या खोडात शिरून आतून पोखरणारी कीड म्हणजे भिरूड. बाहेरून झाड ठीक दिसतं आणि एक दिवस फांद्या वाळायला लागतात. ओकमधला भुंगा वेगळा, त्याचं कुळही वेगळं, पण खोडात लपून काम करायची पद्धत तीच.

काकांनी रागावून वगैरे काही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, की हे सगळं लाकूड आज रात्रीच जाळा, सालीचे तुकडेही झाडून आगीत टाका आणि परत जाताना एक काटकीसुद्धा डिकीत ठेवू नका. रात्री एक वाजेपर्यंत आम्ही इमानेइतबारे ओंडके जाळत बसलो होतो. घरी आल्यावर मी वाचायला बसलो. हा भाग त्या वाचनातून आला.

हा भुंगा आहे तरी कोण?

नाव गोल्डस्पॉटेड ओक बोरर. पंखांवर सोनेरी-पिवळे सहा ठिपके असतात म्हणून. आपण त्याला सोनठिपक्या म्हणू. शास्त्रीय नाव ॲग्रिलस ऑरोगुटाटस. विज्ञानाला तो १९०५ पासून माहीत आहे. मूळ घर ॲरिझोना राज्याचा आग्नेय कोपरा.

तिथे तो हजारो वर्षं ओकवरच जगतोय आणि तिथली जंगलं उभी आहेत. एखादं म्हातारं, थकलेलं झाड तो संपवतो, पण डोंगरच्या डोंगर वाळवत नाही. तिथल्या झाडांनी त्याच्यासोबत राहत राहत आपला बचाव तयार केलाय. शिवाय त्याच्या अळ्यांवर जगणारे परोपजीवी कीटकही तिथे आहेत.

कॅलिफोर्नियातल्या ओकने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्याला तोंड द्यायची सवय नाही आणि त्याला आवरणारे शत्रूही पुरेसे नाहीत. परकी आक्रमक कीड म्हणजे काय, तर हेच. कीड मुळात दुष्ट नसते. ती चुकीच्या जागी पोचलेली असते.

झाड मरतं कसं?

इथे थोडं शाळेतलं विज्ञान आठवू. खोडात दोन पाइपलाइन असतात. जलवाहिनी मुळांकडून पाणी वर नेते. रसवाहिनी पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांपर्यंत पोचवते. ही रसवाहिनी सालीच्या अगदी आतल्या बाजूला असते. तिला लागूनच पेशींचा एक पातळ थर असतो, जो दरवर्षी नवीन लाकूड आणि नवीन साल तयार करतो. एवढं मोठं झाड, पण त्याचा जीव या पातळशा पट्ट्यात.

सोनठिपक्याची मादी सालीच्या भेगांमध्ये अंडी घालते. अळी बाहेर आली की साल भेदून थेट या पट्ट्यात जाते आणि तिथे महिनोन् महिने नागमोडी बोगदे करत खात राहते. एक अळी झाडाचं काही वाकडं करू शकत नाही. पण दरवर्षी नवीन पिढी येते, आणि बऱ्याचदा त्याच झाडावर. बोगदे एकमेकांना मिळत जातात आणि खोडाभोवती जणू फास आवळला जातो. अन्न खाली पोचत नाही, मुळं उपाशी राहतात, मग पाणीही वर चढत नाही.

पूर्ण वाढलेली अळी सालीच्या बाहेरच्या भागात येऊन दुमडून बसते, तिथेच कोष करते आणि उन्हाळ्यात भुंगा साल कुरतडून बाहेर पडतो. त्याची पाठ सपाट आणि पोट गोलसर, म्हणून भोकही 'डी'च्या आकाराचं. म्हणजे बघा, ते भोक ही भुंगा आत शिरल्याची खूण नाहीच, तो बाहेर पडल्याची आहे. आपल्याला दिसतं तेव्हा निदान एक पिढी तरी आत वाढून निघून गेलेली असते. आणि एक भोक दिसलं म्हणून आत एकच होता असंही नाही. किती बाकी आहेत ते बाहेरून कळत नाही.

बाकीच्या खुणा म्हणजे वरचा पानोरा विरळ होणं, खोडावर गडद ओघळ येणं आणि सुतारपक्ष्यांनी साल उचकटून ठेवणं. सुतारपक्षी अळ्या खायला येतात. बिचारे आपल्या परीने इलाज करतात, पण त्यांना पुरून उरतील इतक्या अळ्या असतात. पहिल्या लागणीपासून झाड मरेपर्यंत काही वर्षं जातात. आणि तोवर ते बऱ्यापैकी हिरवं दिसतं, हीच खरी गोची आहे.

लॉग होता, क्रॅशही होता

आता मला सगळ्यात जास्त लागलेला भाग. आपल्या फील्डमधल्या लोकांना लगेच कळेल.

सॅन दिएगो काउंटीत डेस्कान्सो नावाचं गाव आहे, क्लीव्हलँड नॅशनल फॉरेस्टच्या कडेला. त्या भागात २००२ च्या सुमारापासून ओक मरताना दिसत होते. तेव्हा दुष्काळ होता, म्हणून कारणही तयार होतं. पाणी नाही, झाडं मरणारच. २००३ मध्ये तिथे सीडर फायर नावाचा प्रचंड वणवा लागला. जळून गेलेलं एवढं दिसत असताना न जळता वाळलेल्या झाडांकडे वेगळं कोण बघणार?

२००४ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या परक्या किड्यांचा शोध घ्यायला लावलेल्या सापळ्यांत, याच काउंटीत, सोनठिपक्या सापडला. नोंद झाली. पण तो शेजारच्या राज्यातलाच, आणि तिथे त्याने मोठं नुकसान केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मग २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी मरणाऱ्या ओकची साल सोलून बघितली. आत अळ्याच अळ्या. तेव्हा कुठे या दोन गोष्टी जोडल्या गेल्या.

म्हणजे क्रॅश २००२ पासून होत होता, लॉगमध्ये नोंद २००४ ची होती आणि रूट कॉज सापडलं २००८ मध्ये. मधली वर्षं भुंगा आरामात पसरला. कुणाला दोष द्यायला म्हणून हे सांगत नाहीये. मी स्वतः "सर्व्हरवर लोड आहे" म्हणून जो बग दोन महिने सोडून दिला होता, तो वेगळाच निघाला होता. समोर पटणारं कारण असलं की माणूस पुढे खोदत नाही. दुष्काळ खोटा नव्हता, त्याने झाडं कमजोर केलीच असणार. पण फक्त दुष्काळ असता, तर पाऊस पडल्यावर झाडं सावरायला हवी होती.

मग तो आला कसा?

आग्नेय ॲरिझोना ते सॅन दिएगो म्हणजे पाचशे-सहाशे किलोमीटर. मध्ये पसरलेलं वाळवंट. त्यात ओकची जंगलं नाहीत, म्हणजे थांबायला, खायला, अंडी घालायला जागाच नाही. एवढासा भुंगा एका दमात हे पार करणं शक्य नाही. शास्त्रज्ञांच्या मते त्याला आणलं जळाऊ लाकडाने. ओंडके तोडले तरी सालीत दुमडून बसलेल्या अळ्या जिवंत राहतात. ट्रकमध्ये, डिकीत, शेकोटीशेजारच्या ढिगात त्या आरामात बसून राहतात आणि उन्हाळा आला की भुंगे होऊन बाहेर पडतात. जवळ जे ओकचं झाड असेल ते त्यांचं.

पुढचा प्रवासही बघा. २०१२ मध्ये तो रिव्हरसाइड काउंटीतल्या आयडलवाइल्डला सापडला. हे डोंगरातलं टुमदार गाव, वीकएंडला गर्दी, घरोघरी शेकोट्या. २०१४ मध्ये ऑरेंज काउंटीत. २०१५ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या ग्रीन व्हॅलीत. २०१८ मध्ये सॅन बर्नार्डिनो काउंटीतल्या ओक ग्लेनला. नावातच ओक! आणि २०२४ मध्ये व्हेंचुरा काउंटीत.

नकाशावर ही ठिकाणं लावून बघा. पाण्यावर तेल पसरावं तसा हा डाग पसरलेला नाही. मधला मोठा पट्टा मोकळा सोडून तो उड्या मारत गेलाय. भुंगा उडून पसरतो तेव्हा झाडामागून झाड धरत जातो. अशा लांब उड्या गाडीच असते तेव्हा बसतात.

याच ॲग्रिलस कुळातला दुसरा भुंगा आहे एमरल्ड ॲश बोरर. तो आशियातून आला आणि २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. ॲश जातीची कोट्यवधी झाडं त्याने अमेरिकेत संपवली, आणि त्याच्याही फैलावात जळाऊ लाकडाचा मोठा हात होता. म्हणून इथे एक घोषणा ठिकठिकाणी दिसते. मराठीत सांगायचं तर, 'जिथे जाळणार, तिथेच विकत घ्या.'

एक झाड गेलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न मलाही पडला होता. पण सोनठिपक्या रोपं मारत नाही. त्याला आवडतात मोठी, जाड खोडाची, जुनी झाडं. कोस्ट लाइव्ह ओक हा इथला मुख्य ओक अडीचशे वर्षांच्या पुढेही जगतो. म्हणजे जे झाड पाच वर्षांत मरतं, ते पेशव्यांच्या काळात रुजलेलं असू शकतं. नवीन लावलं तर तेवढं व्हायला परत तेवढीच वर्षं.

कॅलिफोर्निया ब्लॅक ओक आणि कॅनियन लाइव्ह ओकही याच तावडीत सापडलेत. एंगलमन ओकसारख्या पांढऱ्या ओकच्या गटातल्या जाती मात्र बऱ्याचशा वाचल्यात. नुसत्या सॅन दिएगो काउंटीत मेलेल्या ओकचा अंदाज ८० हजारांच्या वर सांगितला जातो.

ओकची टोपीवाली फळं, म्हणजे एकॉर्न, यांच्यावर हरणं, खारी, सुतारपक्षी, निळे जे पक्षी असे कित्येक जण जगतात. आणि माणसंही. या डोंगरांचे मूळ रहिवासी कुमियाय लोक. त्यांच्या जेवणात एकॉर्नला फार मोठं स्थान होतं. ते फळ वाळवून, कुटून, पाण्याने परत परत धुऊन त्यातला तुरटपणा काढायचा आणि मग शिजवून घट्ट लापशीसारखं करायचं. त्याला ते शावी म्हणतात. आजही काही घरांत हे होतं. आपल्याकडे एखाद्या गावातला फणस, चिंच, आंबा सगळं एका पिढीत वाळलं तर नुसती सावली जाईल का? तसंच हे.

शिवाय घराजवळ, रस्त्याजवळ उभं असलेलं वाळकं झाड पडू शकतं, वणव्यात पेटू शकतं. ते पाडायचा खर्च एका झाडाला हजारो डॉलरच्या घरात जाऊ शकतो.

उपाय आहेत का?

आहेत, पण जादूची कांडी नाही. झाड निरोगी असताना किंवा अगदी सुरुवातीची लागण असताना, भुंगे बाहेर पडायच्या आधी खोडावर कीटकनाशक फवारलं तर झाड वाचवता येतं. पण ते अंगणातल्या चार झाडांना ठीक. अख्ख्या जंगलाला कोण फवारणार, आणि फवारावं तरी का? बाकीच्या किड्यांनी काय घोडं मारलंय?

फार पोखरलेलं झाड वाचत नाही. त्यातून दरवर्षी शेकडो भुंगे बाहेर पडतात, म्हणून अशी झाडं आधी शोधून पाडतात आणि साल-लाकडाचा बारीक चुरा करतात. लाकूड ठेवायचंच असेल तर ते जागच्या जागी, नीट झाकून, दोन वर्षं तरी ठेवावं असं सांगतात. तोवर आतले सगळे संपतात.

तुम्ही म्हणाल, ॲरिझोनातले त्याचे शत्रू आणून सोडा की. हा विचार चुकीचा नाही. आपल्याकडे पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं असंच झालं होतं. २००८ मध्ये तो कोइम्बतूरला सापडला, पुढे आपल्या पुण्याकडच्या बागांपर्यंत आला. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणारे बारीक परोपजीवी कीटक आणून सोडले आणि कीड आटोक्यात आली. पण पिठ्या ढेकूण पानाफळांवर उघड्यावर बसतो. सोनठिपक्याची अळी जुन्या ओकच्या जाड सालीखाली असते, तिथवर पोचणं अवघड. त्याच्या मूळ प्रदेशातल्या शत्रूंवर अभ्यास झालाय, पण पिठ्या ढेकणासारखा निकाल इथे लागलेला नाही.

म्हणून फिरून फिरून गाडी लाकडाच्या वाहतुकीवरच येते. इथे औषध लागत नाही, पैसाही लागत नाही. ओंडके न हलवणं, बस.

शेवटचं

खरं सांगू का, हा भाग करायला मी टाळाटाळ करत होतो. त्या रात्री काका आले, आम्ही सगळं जाळलं, पाप धुतलं, असा शेवट छान झाला असता. पण आदल्या वर्षीही आम्ही कॅम्पिंगला गेलो होतो. दुसऱ्या डोंगरात. तेव्हाही कुणाकडून तरी फुकट मिळालेला ओकच नेला होता. तेव्हा कुणी काही विचारलं नाही. शेकोटीनंतर सात-आठ ओंडके उरले. परत कुठे न्यायचे, म्हणून मीच ते एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी नीट रचून ठेवले. पुढच्या लोकांना उपयोगी पडतील म्हणून. चांगलं काम केलं असं वाटत होतं.

त्या ओंडक्यांवर भोकं होती का, हे मी बघितलं नव्हतं. बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. आतमध्ये काही असेल तर त्याला पुढचा उन्हाळा मिळालाय, आणि झाडावर दिसायला अजून काही वर्षं लागतील. ते झाड कोणतं होतं हे मला आठवतंय. पुढच्या महिन्यात जाऊन त्याची साल बघणार आहे. 'डी' दिसला तर तिथल्या वनखात्याला कळवणार, आणि ओंडके कुणी ठेवले तेही सांगणार.

तुमच्यापैकी जे इथे कॅलिफोर्नियात आहेत त्यांना एकच विनंती. सरपण कॅम्पग्राउंडजवळच घ्या, आणि उरलेलं घरी आणू नका. ओकवर 'डी' दिसला तर फोटो काढून, जागा टिपून कळवा. जे महाराष्ट्रात आहेत त्यांना ओक भेटायचा नाही. पण परगावहून कलमं, रोपं, बी-बियाणं, लाकूड गाडीत टाकताना एकदा पानाखाली आणि सालीवर नजर टाका. आणि नर्सरीवाल्याला विचारा, रोप कुठून आलंय? त्या काकांनी आम्हाला हाच प्रश्न विचारला होता. विचारायला दहा सेकंद लागतात.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!